कापसाचे जोडे

गेल्या आषाढात ग्वाल्हेरला भाचीकडे महिनाभर राहण्याचा योग आला. तिचे घर लष्कर भागात आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी इथे पडली, म्हणून हे लष्कर. छावणी हलली नाही, तिचेच शहर झाले, आणि तिच्याबरोबर आलेली आपली मराठी घरेही इथेच रुजली. गच्चीवर गेले की उत्तरेला किल्ल्याचा लांबच लांब खडक दिसतो. एखादा प्रचंड हत्ती बसल्या जागी झोपी गेला असावा, तसा.

भाचीचा मुलगा कॉलेजात शिकतो. एका रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो तर त्याच्या खोलीत उजेड. पडद्यावर एका जपानी गढीचे छप्पर होते आणि त्यावर काळ्या वेषातली एक मुलगी पालीसारखी पोटावर सरकत होती. खाली कंदील घेऊन पहारेकरी फिरत होता. तो वळला, मुलीने आकडा लावलेला दोर वर फेकला, पाहता पाहता ती माडीवर. तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या नजरेला काहीतरी पडले, घंटा वाजली, चारी बाजूंनी माणसे धावली आणि मुलगी पडली.

"मेली?" मी दचकून विचारले.

"अहो आजोबा, परत सुरू करायचं. पाहिजे तितक्या वेळा मरता येतं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून सगळी माहिती काढली. या खेळाचे नाव 'असॅसिन्स क्रीड'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००७ साली त्याचा पहिला भाग काढला. तेव्हापासून डझनाहून अधिक मुख्य भाग निघाले. क्रूसेडच्या काळातले जेरुसलेम, पंधराव्या शतकातले फ्लॉरेन्स, राज्यक्रांतीतले पॅरिस, प्राचीन इजिप्त, असा दर भागात नवा देश आणि नवा काळ. कला मात्र एकच: चोरपावलांनी जायचे, नजरेला पडायचे नाही, काम उरकायचे आणि अंधारात विरून जायचे. मी पाहिला तो 'शॅडोज' हा मार्च २०२५ मध्ये आलेला भाग सोळाव्या शतकाच्या अखेरच्या जपानचा. त्यात इगा प्रांतातली नाओए ही मुलगी आणि यासुके हा आफ्रिकेतून आलेला सामुराई असे दोन नायक. नाओए कल्पित आहे. यासुके नावाचा माणूस ओदा नोबुनागाच्या पदरी खरोखरच होता.

मी बेळगावकडचा निवृत्त इतिहास शिक्षक. या खेळांविषयी माझे मत चांगले नव्हते. पण शेजारी बसून आठ दिवस हा खेळ पाहिला आणि थोडे मत बदलले. या नव्या भागात अंधाराला किंमत आहे. दिवा विझवला तर पहारेकऱ्याला दिसत नाही, पाऊस पडत असला तर पावलांचा आवाज बुडतो, ऋतू बदलला की वाटही बदलते. धीर धरून पहाऱ्याची फेरी मोजणाऱ्याला फळ मिळते, उतावळ्याला शिक्षा. एवढे शिकवणारा खेळ अगदीच वाया गेलेला म्हणता येणार नाही.

दोष मला दुसराच दिसला. या खेळात हेर आहेत, पण ते बिननावाचे, बिनचेहऱ्याचे. नकाशावर सोडायचे आणि त्यांनी आणलेली बातमी घ्यायची. ते बातमी का आणतात, गढीच्या धन्यावर त्यांचा राग कसला, काम झाल्यावर त्यांचे काय होते, याची चौकशी कुणी करीत नाही. सगळा पराक्रम दोर फेकणाऱ्याचा. आणि नेमकी हीच चूक आपण इतिहास वाचतानाही करतो, असे त्या गच्चीवर बसून मला वाटू लागले. कारण चोरपावलांच्या कलेचा जगातला एक नामी नमुना माझ्या डोळ्यांसमोर, त्या खडकावर घडला होता. आणि मी तीस वर्षे इतिहास शिकवूनही तो मुलांना कधी सांगितला नव्हता.

कारण त्या रात्री झोपलेले पहारेकरी आपले होते.

ग्वाल्हेरचा खडक पायथ्यापासून सुमारे तीनशे फूट उभा. लांबी दीड मैलाच्या वर, रुंदी मात्र जागोजाग कमीजास्त. पूर्वेच्या चढावर एकामागून एक दरवाजे, शेवटी हत्ती पोळ आणि त्याला लागून मानसिंह तोमराचा निळ्या चित्रफरशांचा महाल. पश्चिमेला उरवाई दरी आणि तिच्या कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती. वर तळी आहेत, पाण्याची ददात नाही. असा किल्ला समोरून घ्यायचा म्हणजे वर्ष मोडायचे. अल्तमशला १२३२ साली तो मिळाला, पण अकरा महिने वेढा घालून.

चोरवाटेने मात्र तो एका रात्रीत मिळत आला आहे. १५२६ साली पानिपतानंतर बाबराने आपला सरदार रहीमदाद याला इकडे पाठवले. किल्ला तातारखान सारंगखानी याच्याकडे होता. त्याने आधी मोगलांना बोलावले आणि फौज जवळ येताच मन बदलले. गावात शेख मुहंमद घौस हे सूफी सत्पुरुष राहत असत. त्यांनी रहीमदादला निरोप धाडला की, कसेही करून आत शिरा, या माणसाच्या मनात काळेबेरे आहे. रहीमदादने खानाला कळवले की, बाहेर शत्रूचे भय आहे, मला थोड्या लोकांनिशी आत घ्या, बाकी फौज बाहेरच राहील. खान कबूल झाला. मग आपला एक माणूस हत्ती पोळावर ठेवण्याची परवानगी रहीमदादने मागून घेतली, आणि त्याच रात्री त्या दरवाजाने सारी फौज आत आली. सकाळी खानापुढे किल्ला सोडण्यावाचून उपाय राहिला नाही. ही हकीकत बाबराने स्वतःच लिहून ठेवली आहे. घौसांची सुंदर कबर आज ग्वाल्हेरात आहे आणि तिच्याच आवारात तानसेनाची. गाणे ऐकायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, या सत्पुरुषाच्या एका निरोपाने किल्ला फिरला होता?

आता १७८०कडे येऊ. आदल्या वर्षीच्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले होते. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगत असे. त्यानंतर बंगालहून वॉरन हेस्टिंग्जने डाव मांडला तो मात्र पुस्तकाच्या दोन ओळींत उरकत असे. महादजी शिंदे गुजरातेत जनरल गॉडर्डशी झुंजत होते. त्यांना मागे खेचायचे तर त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाला चूड लावली पाहिजे, हे हेस्टिंग्जने ओळखले. त्याला दोस्तही तयार सापडला: गोहदचा जाट राणा छत्रसिंह.

गोहद ग्वाल्हेरच्या ईशान्येला, हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. पानिपतच्या पडझडीत राण्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला काही काळ बळकावला होता; मराठ्यांनी तो परत घेतला. १७६६-६७ मध्ये रघुनाथरावाने गोहदलाच वेढा घालून खंडणी वसूल केली होती. राण्याच्या मनात हे सल होते. डिसेंबर १७७९ मध्ये त्याने कंपनीशी तह केला. कॅप्टन विल्यम पॉपहॅम सुमारे चोवीसशे माणसे घेऊन आला. एप्रिल १७८० मध्ये त्याने लहारचे ठाणे घेतले. पण ग्वाल्हेर घेण्याजोग्या मोठ्या तोफा त्याच्याजवळ नव्हत्या आणि अशा तोकड्या सामग्रीने या किल्ल्याला हात घालणे म्हणजे वेडेपणा, असे सेनापती सर आयर कूट याचे मत होते.

पॉपहॅम किल्ल्यापासून काही कोसांवर दोन महिने नुसता बसून राहिला. बसल्या बसल्या त्याने एकच गोष्ट केली, ती म्हणजे ऐकून घेतले. राण्याच्या मुलखातले काही चोर-दरवडेखोर पूर्वी एका जागी कडा चढून किल्ल्यात जाऊन आले होते. त्यांनी सांगितले की तिथे वर जाता येते, आणि पहारेकरी रात्री बहुधा झोपलेले असतात. राण्याने ही बातमी पॉपहॅमला दिली. पॉपहॅमने आपले हेर त्याच वाटेने पाठवून खात्री करून घेतली. लेफ्टनंट कॅमेरॉन या अभियंत्याने गुपचूप शिड्या तयार केल्या. शिपायांसाठी लोकरी कापडाचे, आत कापूस भरलेले जोडे शिवून घेतले. दगडावर पाय घसरू नये आणि आवाजही होऊ नये.

३ ऑगस्टच्या रात्री, भर पावसाळ्यात, ही मंडळी निघाली. पुढे कॅप्टन ब्रूस निवडक शिपाई घेऊन, मागे पॉपहॅम दोन पलटणींसह. पहाटेच्या सुमारास ते कड्याखाली पोचले. तटावरून मशालींची गस्त जाताना दिसली. ती पुढे सरकली तशा शिड्या लागल्या. पहिला टप्पा सोळा फुटांचा सरळ कातळ. मग चाळीसेक यार्डांचा खडा चढ. त्यावर तीस फूट उंचीचा तट. हेर आधी वर चढले आणि त्यांनी दोराच्या शिड्या तटाच्या चऱ्यांना बांधल्या. ब्रूस वीस शिपायांनिशी वर जाऊन तटाच्या आडोशाला दबून बसला.

इथपर्यंत सारे त्या खेळात दाखवतात तसे. पण पुढे बिघडले. बाकीचे वर येण्याआधीच काही शिपायांचा धीर सुटला आणि शेजारी झोपलेल्या पहारेकऱ्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. किल्ला जागा झाला. लोक धावून आले. त्या घटकेला किल्ल्यात शेकड्यांनी माणसे होती आणि ब्रूसजवळ वीस. पण अंधारात शत्रू किती हे कुणाला कळेना. गोळीबारापुढे धावून आलेले थबकले, तेवढ्या अवधीत शिड्यांवरून शिपायांची रीघ लागली. किल्ल्यातल्यांनी काही बाण सोडले आणि दरवाजाने पळ काढला. मुख्य मंडळी एका वाड्यात जमली आणि त्यांनी पांढरे निशाण दाखवले. इंग्रज वृत्तान्तात किल्लेदाराचे नाव 'बापोजी' असे येते. तो मारला गेला. इंग्रजांकडचे वीस जखमी झाले, ठार कुणी नाही. दोन तासांच्या आत काम आटोपले. पॉपहॅम मेजर झाला. या विजयाचा बोलबाला इतका की, विल्यम हॉजेस हा विलायती चित्रकार १७८३ साली इथे येऊन किल्ल्याची चित्रे काढून गेला.

हे वाचून मराठी माणसाला पहिली आठवण कशाची व्हावी? ४ फेब्रुवारी १६७०ची. कोंढाण्याचा कडा, रात्र, दोर, तानाजी. घोरपड सोडा, ती पोवाड्यातली, सभासदाने ती सांगितलेली नाही. पण निवडक माणसे, अवघड कडा आणि गाफील पहारा, ही तिन्ही तिथे होती. सीमाभागातल्या वाचकांना याहून जवळचा दाखला पन्हाळ्याचा. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गेला आणि वर जाऊन एकच गलका उडवून दिला. झोपेतून उठलेल्या शिबंदीला शत्रू हजारोंनी आहे असे वाटले. ब्रूसच्या वीस जणांनी शंभर वर्षांनी हेच केले. ही विद्या आपलीच होती. ग्वाल्हेरला ती आपल्यावर उलटली.

पण पन्हाळ्याचीच आणखी एक रात्र आहे. जानेवारी १६६६ मध्ये, मिर्झाराजा जयसिंहाच्या मोहिमेत असताना, शिवाजी महाराजांनी स्वतः पन्हाळ्यावर पहाटेचा छापा घातला. किल्ल्यातले लोक सावध होते. हल्ला फसला, शेकडो माणसे पडली, महाराजांना माघार घ्यावी लागली. किल्ला तोच, कडा तोच, धाडस तेच; फरक एवढाच की आतले जागे होते. म्हणून मला वाटते, अशा प्रत्येक विजयाच्या कथेत चढणाऱ्याच्या शौर्याइतकाच झोपणाऱ्याचा हिशेब मांडला पाहिजे. आपण कोंढाण्याच्या कथेत उदेभानाच्या गाफिलीकडे आनंदाने बोट दाखवतो. तेच बोट ग्वाल्हेरच्या तटाकडे वळवायला आपल्याला संकोच का व्हावा?

बरे, ग्वाल्हेरची झोप केवळ त्या रात्रीची नव्हती. चोर त्या वाटेने येऊन गेले होते. चोर जिथून येतो तिथून फौज येऊ शकते, हे कळण्यासाठी मोठी बुद्धी लागत नाही. खडक उंच आहे, कोण येणार, या भरवशावर किल्ला राखला जात होता. आणि शेजारच्या राण्याला खंडणीचा आसामी यापलीकडे कुणी मोजले नव्हते. पायथ्याच्या मुलखातला माणूस नाराज असला की वरचा तट कितीही जाड असो, त्याला भोक पडलेलेच असते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

महादजी हा धडा शिकले, म्हणूनच ते महादजी. मार्च १७८१ मध्ये कॅमॅकने त्यांच्या छावणीवर पुन्हा रात्रीच छापा घालून तोफा पळवल्या, तेव्हा त्यांनी लढाईचा नाद आवरला आणि बोलणे सुरू केले. ऑक्टोबर १७८१ मध्ये त्यांचा कंपनीशी वेगळा तह झाला, आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला पेशवे आणि इंग्रज यांच्यातला तह त्यांच्याच मध्यस्थीने ठरला. ज्या किल्ल्यावरून नाक कापले गेले, त्याच्याच परिसरात बसून त्यांनी आपले स्थान परत मिळवले. १७८३ साली वेढा घालून ग्वाल्हेर घेतले, पुढच्या वर्षी गोहद. त्या वेढ्याच्या वेळी द बॉइन नावाचा एक सॅव्हॉयचा सैनिक राण्याला ग्वाल्हेर सोडवून देण्याची योजना विकू पाहत होता. राण्याला ती पटली नाही. महादजींनी मात्र हा माणूस हेरला आणि १७८४ साली आपल्याच चाकरीत घेतला. त्यानेच पुढे त्यांच्या कवायती पलटणी उभ्या केल्या.

आणि ज्याने वाट दाखवली तो राणा? कंपनीने किल्ला त्याच्या हवाली केला खरा, पण महादजींशी जुळल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवली. राण्यानेच तह मोडला असे कारण दाखवले गेले. त्याचे राज्य शिंद्यांनी घेतले. घराण्याला पुढे १८०५च्या सुमारास धौलपूरला हलावे लागले. ज्या चोरांनी कडा दाखवला त्यांची तर नावेही कागदावर उतरली नाहीत. कॅमेरॉनच्या शिड्यांची नोंद आहे, कापसाच्या जोड्यांची आहे. पण त्या जोड्यांना वर नेणाऱ्या पायांची नाही.

या मालिकेचा ग्वाल्हेरातला पुढचा भाग १८५८चा. १७ जूनला राणी लक्ष्मीबाई कोट्याच्या सराईजवळ पडल्या. शहर इंग्रजांच्या हाती गेले, तरी २० जूनच्या सकाळी किल्ल्यावरून तोफा चालूच होत्या. तेव्हा मुंबईच्या पंचविसाव्या देशी पलटणीचे लेफ्टनंट रोझ आणि वॉलर हे थोडे शिपाई आणि एक लोहार बरोबर घेऊन दरवाजाशी गुपचूप गेले. लोहाराने एकामागून एक दरवाजे फोडून दिले. वरच्या कमानीपाशी झुंज झाली, तीत रोझ पडला, पण किल्ला हातचा गेला. तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ साली, झाशी शहराच्या मोबदल्यात. रोझचे नाव इतिहासात आहे. लोहार पुन्हा बिननावाचाच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. मी मुलाला गच्चीवर नेऊन ही सगळी हकीकत सांगितली. तो मन लावून ऐकत होता. मधेच म्हणाला, "आजोबा, याचा गेम का नाही काढला कुणी?"

"हिंदुस्थानचा एक भाग निघालाय म्हणतोस ना?"

"तो २०१६चा. त्यात १८४१ साल आहे, अमृतसर आणि कोहिनूर. ग्वाल्हेर नाही."

मी हसलो. बाबराने लिहिले आहे की, १५२६ साली हुमायूनला आग्र्यात एक प्रसिद्ध हिरा मिळाला तो ग्वाल्हेरच्या विक्रमजित राजाच्या कुटुंबाकडून. तोच कोहिनूर, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे तिथेही वाट ग्वाल्हेरवरूनच जाते.

थोड्या वेळाने त्याने खरा प्रश्न विचारला. "पण गेम काढला तर आपण कोणाकडून खेळायचं? ब्रूसकडून की किल्ल्याकडून?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता, कारण मी तो विचारण्याजोगा धडा कधी शिकवलाच नव्हता. शेवटी म्हणालो, "आधी किल्ल्याकडून. रात्रभर जागायचं, गस्त घालायची, आणि खालच्या गावात कोण कशामुळे रुसलंय ते दिवसा जाऊन विचारून यायचं."

"म्हणजे काहीच घडणार नाही त्यात."

"हो," मी म्हटले, "काही घडू नये म्हणूनच तर तो पहारा असतो."

त्याला ते फारसे पटले नसावे. खाली जाऊन त्याने पुन्हा पडदा लावला. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला येताना त्याने रिक्षा मुद्दाम किल्ल्याच्या बाजूने घ्यायला लावली, आणि वाटभर मान बाहेर काढून तो कडा निरखत होता.